उंट घरात आले की घर कोणाचं?

श्रीमंत बायकांचे प्राणी म्हणजे नुसता मिरवायचा माल, असं काही जण म्हणतात. कुत्र्यामांजरांपुरतं असेलही. पण डोरिस ड्यूकचं काय करायचं?

अमेरिकेतल्या तंबाखूसम्राटाची ही एकुलती लेक. बाप १९२५ साली वारला तेव्हा ही १२ वर्षांची. म्हातारपणी विमानाच्या सौद्यात तिच्या पदरी दोन उंट आले, प्रिन्सेस आणि बेबी. न्यूपोर्टच्या समुद्राकाठच्या रफ पॉइंट बंगल्यात उन्हाळाभर ते हिरवळीवर चरायचे. ऑगस्ट १९९१ मध्ये बॉब चक्रीवादळ आलं, तेव्हा बाईंनी त्यांना थेट घरातल्या काचेच्या सूर्यदालनात घेतलं! फरशी कोणी पुसली असेल, ते नोकरच जाणोत.

आमच्याकडे शहाद्याला मेंढपाळांचे उंट रस्त्याने जातात. लहानपणी एकाने कंपाउंडवरून मान आत घातली, नि आजीने पापड वाळत घातलेल्या धोतरापर्यंत ओठ नेले. आजी ओरडली, "हाई काय शे व माय!" उंटाने शांतपणे कडुलिंबाची डहाळी ओढली, पापण्या मिटून रवंथ सुरू. एवढ्या वेळात अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर जमली होती. एका उंटाने पाच मिनिटांत ही गत केली, तिथे तर दोन होते.

आणि मिरवायचंच असतं, तर १९९३ साली मरताना कुत्र्याच्या देखभालीसाठी मृत्युपत्रात एक लाख डॉलर कशाला ठेवले असते बाईंनी? तेव्हा बघायला कोण होतं?