कोलव्याहून एका दिवसात जुने गोवे आणि फोंतेन्हास: आधी काय पाहावं?

प्रश्न
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोलव्याला चार दिवस मुक्काम आहे. त्यातला एक दिवस समुद्र सोडून जुने गोवे आणि पणजीतली पोर्तुगीज वळणाची जुनी वस्ती फोंतेन्हास पाहायची आहे. सोबत सत्तरीचे आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी. बस बरी की गाडी? आणि क्रम कसा ठेवावा?

मांडवीकाठ
आधी जुने गोवे, आणि नऊला बॉम जेझस चर्चचं दार उघडतं तेव्हाच तिथे हजर. से कॅथेड्रलच्या बाजूला मोकळं मैदान आहे, अकरानंतर ते तापतं आणि वयस्कर माणसं तिथेच थकतात. रविवार टाळा, सकाळ प्रार्थनांची असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी जवळ असू द्या.

बॉम जेझसमध्ये वेदीच्या उजव्या हाताला फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. चांदीची पेटी इतकी उंचावर आहे की आत काय आहे ते दिसत नाही. पाहण्यासारखा आहे तो खालचा संगमरवरी चौथरा आणि त्यावरचे कांस्यपट. टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला हा चौथरा १६९८ मध्ये बसवला. बाहेर आल्यावर भिंत जवळून पाहा. १९५० च्या दशकात गिलावा काढला, तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतोय.

सेंट ऑगस्टीन या पडक्या चर्चचा मनोरा चुकवू नका. मूळ उंची ४६ मीटर, १९३१ मध्ये अर्धा कोसळला. चढ आहे, आईवडिलांना गाडीनेच वर न्या. पुराणवस्तू संग्रहालय शुक्रवारी बंद.

पायलट_मडगाव
बसने होतं, पण या चौघांना तीन बस बदलाव्या लागतील. कोलव्याची बस मडगावात पालिकेपाशी सोडली तर कदंबा स्टँड (सरकारी बसस्थानक) तिथून दोनेक किमी. तिथून पणजी शटल (विनाथांबा बस), तिकीट आधी खिडकीवर काढायचं, कंडक्टर गाडीत देत नाही. पणजीहून जुने गोवे साधारण १० किमी. तिकडे जाणाऱ्या बसला ‘रायबंदरमार्गे का?’ असं विचारून बसा. तो रस्ता मांडवीच्या काठाने जातो आणि त्यातला एक भाग १६३० च्या दशकात बांधलेल्या लांबलचक बांधावरून.

आईवडील आहेत म्हणून माझं मत टॅक्सी. थांबण्याचे तास धरून येण्याजाण्याचा भाव सकाळीच ठरवा. ‘बघू नंतर’ म्हटलं की संध्याकाळी वाद ठरलेला. स्वतः चालवणार असाल तर भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की दंड होतो.

चिऱ्याची_भिंत
मांडवीकाठ यांच्या क्रमाला एक पुरवणी. फोंतेन्हास आल्तिनो टेकडीच्या पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट घरांवर पडतं, चारनंतर टेकडीची सावली उतरते. फोटोच हवे असतील तर सकाळी आठ वाजता फोंतेन्हास. निवांत चालायचं असेल तर संध्याकाळ. तुमच्यासोबत आईवडील आहेत, संध्याकाळच धरा.

गाडी गल्लीत घालू नका, वळवायला जागा नाही. खाडीपलीकडे पाटो भागात लावून पादचारी पुलाने खाडी ओलांडा. लोक तिथे राहतात. कोणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका, दारात उभं राहायचं तर आधी विचारा. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइलच्या पाट्या दिसतील.

जुने गोवे आधी ठेवण्याचं खरं कारण वेगळंच. फोंतेन्हासच्या सेंट सेबास्तियन चॅपेलमधला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजकालीन धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आलाय. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, हे मुलीला शोधायला सांगा. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटासुद्धा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. सकाळी मनोरा पाहिला की संध्याकाळी घंटेकडे नजर आपोआप जाते.

प्रश्नकर्ता
मग दुपारी जेवण कुठे बसवायचं? आणि चर्चच्या पायऱ्या वडिलांना जमतील का?

मांडवीकाठ
जेवण पणजीत, साडेबाराच्या सुमारास. बरीच हॉटेलं तीनला स्वयंपाकघर बंद करतात ती सातलाच उघडतात, दुकानंही दुपारी मिटलेली असतात. अडीचला पोहोचलात तर बिस्किटांवर भागवावं लागेल. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या नागमोडी आहेत. वडील समोरच्या पालिका बागेत बसतील, दर्शनी भाग तिथूनही छान दिसतो. ८ डिसेंबरला या चर्चचं फेस्त (वार्षिक उत्सव) असतं, त्या दिवशी हा चौक गच्च भरलेला, म्हणून तो दिवस सोडून या.

पायलट_मडगाव
एवढं जमणार नाही असं वाटलं तर पणजी सोडूनच द्या. मडगावच्या पूर्वेला साधारण १३ किमीवर चांदोर आहे, ब्रागांझांचा वाडा. एकाच लांबलचक दर्शनी भिंतीमागे दोन कुटुंबांचे दोन भाग, आत लोक राहतात, त्यामुळे फोन करून जा. दोन तासांत पाहून होतं आणि जेवायला कोलव्याला परत.