स्पॅनिश शिकताना आधी काय: क्रियापदांची रूपं की शब्द?

चिंचोके: क्लासला पहिल्याच आठवड्यात 'बोलणे'च्या रूपांचा पाढा सुरू: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. शेवटी 'आर' असलेली क्रियापदं संपली की 'एर'वाली, मग 'इर'वाली. निम्मा वर्ग इथेच गळतो. माझं स्पष्ट मत, आधी हजारभर शब्द पाठ करावेत, रूपं मागून. बाजारात 'कुआंतो?' (किती?) म्हटलं की किंमत कळते, तिथे 'आम्ही बोलतो'चं रूप कुणी विचारत नाही. पटत नसेल तर भांडा.

वाटसरू: भांडतोच. स्पॅनिश माणूस 'यो' (मी), 'तू' बहुतेक वेळा गाळूनच बोलतो, कर्ता क्रियापदाच्या शेपटीत असतो. आपण नाही का नुसतं 'येतोस का?' विचारत? त्यात 'आब्लो'चा जोर 'आ'वर दिला तर 'मी बोलतो', 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. शब्द हजार येऊ देत, कोण बोललं हेच कळलं नाही तर काय उपयोग?

चिंचोके: बरं, मग 'फुई' घ्या. 'मी गेलो' पण फुई आणि 'मी (अमुक) होतो' पण फुईच. तुमचा तक्ता इथे काय कामाचा? 'फुई प्रोफेसोर' म्हणजे 'मी प्राध्यापक होतो', हे शेजारचा शब्द येत असेल तरच कळणार.

कोकणी_मेवा: दोघंही इंग्रजीतून शिकताय, खरी गोची ती आहे. मराठीतून बघा. 'कोमी' म्हणजे 'खाल्लं', 'कोमीआ' म्हणजे 'मी खायचो'. हा फरक इंग्रजीवाल्यांना पानंच्या पानं समजावावा लागतो, आपण तो रोज बोलतो. 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. ज्या सब्जंक्टिव्हला (इच्छा, शंका वगैरे सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला) सगळे घाबरतात तिथे आपलं 'यावंस' बऱ्याचदा चपखल बसतं. 'मे गुस्ता' तर सरळ 'मला आवडतं', आणि आंबे अनेक असले की 'मे गुस्तान', आपल्या 'आवडतात'सारखंच. वर त्यांच्या क्रियापदाला 'गेला-गेली' नाही, दोघांनाही 'फुए'. तेवढी मेहनत वाचली.

(शब्दांतही थोडी फुकटची कमाई आहे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं.)

मेक्सिकोवासी: तक्त्यातला 'आब्लाइस'चा रकाना इकडे कुणी वापरत नाही. 'तुम्ही सगळे'साठी लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस', आणि त्याला 'आब्लान'च चालतं. 'आब्लाइस'चा कर्ता 'बोसोत्रोस' (तुम्ही सगळे) स्पेनपुरतं. अर्जेंटिनात तर 'तू'ऐवजी 'बोस', आणि 'तिएनेस'चं (तुझ्याकडे आहे) 'तेनेस'. कुठे बोलायचंय ते आधी ठरवा, मग घोका.

वाटसरू: चिंचोके, तुमच्या हजार शब्दांच्या यादीत वरच्या नंबरांवर कोण असणार? सेर आणि एस्तार (दोन्ही 'असणे'), तेनेर (जवळ असणे), इर (जाणे), आसेर (करणे), देसीर (सांगणे), पोदेर (शकणे). सगळी अनियमित! जी क्रियापदं जास्त वापरात तीच जास्त वाकडी. 'तेनेर म्हणजे असणे, जवळ असणे' एवढंच पाठ केलंत तर समोरच्याचं 'तेंगो' (माझ्याकडे आहे), 'तुबे' (माझ्याकडे होतं) कानावर पडूनही ओळखू येणार नाही. म्हणजे शब्दांच्या वाटेने गेलात तरी गाठ रूपांशीच.

चिंचोके: हे मात्र बरोबर. ही सात-आठ शिकतो, पण सुटी नाही, वाक्यांत: 'तेंगो आंब्रे' (मला भूक लागली आहे), 'बोय आ कासा' (मी घरी जातो). नियमित पाढा तरीही नंतरच. आणि 'बोसोत्रोस'चा रकाना मी कोराच ठेवणार.

वाटसरू: माद्रिदला चार मित्रांना एकदम हाक मारायची वेळ आली की भराल.