जनगणना, खानेसुमारी की शिरगणती? (नेदरलँड्सच्या निमित्ताने)

भाषांतरकर्ती: नेदरलँड्सच्या लोकसंख्येच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. मूळ डच शब्द ‘फोल्क्सटेलिंग’, म्हणजे सरळसरळ लोकांची मोजणी. 1971 पर्यंत ‘जनगणना’ बिनदिक्कत चालून जातं. घोडं अडलंय ते पुढे. त्यानंतर तिथे दारोदार मोजणी झालेलीच नाही, तरी 2001, 2011 आणि 2021 चे आकडे जनगणनेचे म्हणून प्रसिद्ध झालेत. मोजलंच नाही तर गणना कसली? आणि 1795 च्या पहिल्या मोजणीला ‘खानेसुमारी’ म्हटलं तर? जुना काळ उभा राहतो.

जुना वाचक: काळ उभा राहील, पण चुकीच्या देशाचा. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. आपल्याकडच्या जुन्या कागदांत घरांची मोजदाद अशा अर्थाने हा शब्द येतो, आणि पुढे इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेलाही तोच चिकटला. डचांचं 1795 चं प्रकरण वेगळं. बटाव्हियन प्रजासत्ताक नुकतं आलं होतं, राष्ट्रीय सभेसाठी मतदारसंघ पाडायचे होते, म्हणून डोकी मोजली. भरली वीस लाखांच्या आसपास. इथे ‘शिरगणती’ चपखल बसेल. 1829-30 पासून दर दहा वर्षांनी मोजायचा रिवाज पडला, तिथून पुढे ‘जनगणना’ लिहा.

उत्रेख्तवासी: ताई, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर नोंदवहीत आहे. 1850 पासून प्रत्येक नगरपालिका आपल्या रहिवाशांची वही ठेवते: जन्म, लग्न, मृत्यू, स्थलांतर, सगळं. आजही इथे घर बदललं की पाच दिवसांच्या आत पालिकेला कळवावं लागतं. मी आलो तेव्हा बँक खात्याच्या आधी ही नोंद करावी लागली, कारण नागरिक क्रमांक तिथूनच मिळतो.

या चोख वह्यांनी घातही केला. वहीत धर्म लिहिलेला असे. जर्मन ताब्यात ज्यूंना शोधणं त्यामुळे फार सोपं गेलं. सुमारे 1 लाख 40 हजारांपैकी लाखाहून अधिक मारले गेले. मार्च 1943 मध्ये जर्मनांविरुद्धच्या डच प्रतिकार चळवळीतले विलेम आरोंडेउस, खेरिट व्हान डेर व्हेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि रहिवाशांच्या नोंदींच्या कार्डांना आग लावली. सगळी जळली नाहीत. आरोंडेउसला त्याच वर्षी गोळ्या घातल्या.

1971 मध्ये प्रगणक अर्ज घेऊन दारात आले आणि ही माहिती संगणकात जाणार असं कळलं, तेव्हा लोक बिथरले ते उगाच नाही. अनेकांनी अर्ज भरायलाच नकार दिला. 1981 च्या जनगणनेआधी चाचणी घेतली, तीत नकार इतके आले की बेतच गुंडाळला. गंमत अशी, की दारातला प्रगणक नको म्हणणारा देश त्याच वह्यांवर सगळा कारभार चालवतो.

भाषांतरकर्ती: मग 1971 नंतरसाठी ‘नोंदगणना’ चालेल?

जुना वाचक: नको हो. वाचकाला वाटेल नोंदी मोजल्या. शब्द पाडायची हौस आवरा.

उत्रेख्तवासी: शिवाय अर्धवटही होईल. शिक्षण आणि व्यवसाय वहीत नीट सापडत नाहीत, ते नमुना पाहणीतून घेऊन जोडतात. इथलं सांख्यिकी कार्यालय स्वतः ‘आभासी जनगणना’ अशा अर्थाचा शब्द वापरतं.

जुना वाचक: ‘आभासी’ने आकडेच खोटे वाटतील. पहिल्या उल्लेखात ‘नोंदवह्या आणि पाहण्यांवरून केलेली जनगणना’ असं लिहा, पुढे नुसतं ‘जनगणना’. जन आहेत, गणनाही आहे, फक्त कुणी दार वाजवलेलं नाही. ‘प्रगणक’ मात्र 1971 च्या पुढे येऊ देऊ नका.

भाषांतरकर्ती: ठरलं. 1795 ला शिरगणती, बाकी जनगणना. 1940 ची मोजणी युद्धामुळे 1947 वर गेली, तीही जनगणनाच ना?

जुना वाचक: अर्थात. उशीर झाला म्हणून नाव कशाला बदलायचं?