आकडा वाढतोय तरी डीएनए तपासत बसायचं ते का?

रानपिंगळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतोय, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज. मी गेली काही वर्षं व्हॉलंटियर म्हणून वन्यप्राणी गणनेला जातो, ट्रान्झेक्ट म्हणजे ठरवून दिलेल्या रेषेवरून चालायचं, कॅमेरा ट्रॅपचे फोटो घेऊन पट्टे जुळवत बसायचं हे माझं काम, आणि आम्हाला कायम असंच सांगितलं गेलंय की आकडा वाढला म्हणजे जंगल सुधारलं. आता एका व्याख्यानात ऐकलं की वाघ वाढलेले असले तरी ती वस्ती जनुकीयदृष्ट्या अडचणीत असू शकते आणि मग बाहेरून मादी आणून सोडावी लागते. ताडोबाच्या वाघिणी ओडिशात सिमिलीपालला नेल्या तेव्हा पेपरात वाचलं होतं, पण तेव्हा वाटलं तिथे वाघ कमी असतील म्हणून नेल्या असतील.

माझी शंका अशी की प्राणी डोळ्यांना धडधाकट दिसतोय, शिकार करतोय, वाघिणीमागे तीन तीन बछडे चालतायत, मग आत काय बिघडलंय हे कसं कळतं आणि ते खरंच एवढं महत्त्वाचं असतं का? दुसरं म्हणजे बाहेरचा प्राणी आणून सोडला की त्या जंगलातल्या प्राण्यांनी हजारो वर्षांत जे कमावलंय ते पुसलं नाही का जाणार? मला खरंच समजून घ्यायचंय, कारण पुढच्या सीझनला आम्हाला विष्ठेची सॅम्पल्सही गोळा करायला सांगणार आहेत, आणि कशासाठी ते माहीत नसताना नुसत्या पिशव्या भरायला मला आवडत नाही.

सायली_जीनोम

दादा, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मी याच विषयात लॅबमध्ये काम करते, जमेल तेवढं सांगते.

गणनेत तुम्ही डोकी मोजता. आम्ही बघतो की पुढच्या पिढीत कोणाचं काय उतरतंय. या दोन आकड्यांत केवढा फरक पडतो ते हिशेबानेच बघा. समजा एका जंगलात ६० वाघ आहेत. त्यातून बछडे, म्हातारे, हद्द न मिळालेले तरुण नर वगळले आणि खरोखर पिल्लं होणाऱ्या २५ माद्या नि ५ नर उरले. तर याचं सूत्र आहे, ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. म्हणजे ४ गुणिले ५ गुणिले २५ भागिले ३०, उत्तर येतं १७ च्या आसपास. म्हणजे जनुकांच्या दृष्टीने ते ६० वाघांचं जंगल १७ वाघांसारखं वागतं. अशी वस्ती एकटी पडली की दर पिढीला तिच्यातली साधारण ३ टक्के विविधता गळते, आणि दहा पिढ्यांत, म्हणजे वाघाची पिढी ५ वर्षांची धरली तर ५० वर्षांत, पाव हिस्सा गेलेला असतो. आणि या सगळ्या काळात तुमच्या रजिस्टरमध्ये आकडा ६० चा ६०च दिसू शकतो, कदाचित ७० पण. म्हणून तुम्हाला ते दिसत नाही, त्यात तुमची चूक काहीच नाही, कॅमेऱ्यात ते दिसण्यासारखंच नसतं.

आता बिघडतं काय. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. एक खराब असली तर बहुतेक वेळा दुसरी निभावून नेते. आईबाप जवळच्या नात्यातले असले की दोन्हीकडून तीच खराब प्रत यायची शक्यता वाढते आणि मग निभावून न्यायला कोणी राहत नाही. फ्लोरिडा पँथरचं उदाहरण घ्या, तो म्हणजे तिथला प्यूमाच, अमेरिकेतलं मोठं रानमांजर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्लोरिडात २०-३० उरले होते. शेपटीचं टोक मुरडलेलं, पाठीवर केसांचा भोवरा, कित्येक नरांची वृषणं खालीच उतरलेली नाहीत, काहींच्या हृदयाला भोक. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या, त्यातल्या ५ जणींना पिल्लं झाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पँथरची संख्या तिपटीवर गेली, ते दोष असलेली पिल्लंही कमी झाली. उरलेल्या टेक्सासच्या माद्या काम झाल्यावर काढूनसुद्धा घेतल्या, म्हणजे तुमची जी भीती आहे ना पुसलं जाण्याची, ती त्यांनाही होती.

वाटाड्या

सिमिलीपालबद्दल मी सांगतो कारण तो विषय मला फार जवळचा आहे. तिथले ते "काळे वाघ" तुम्ही फोटोत पाहिले असतील. ते खरे काळे नसतात, पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात की मधला पिवळा रंग फटीतून डोकावल्यासारखा दिसतो. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने २०२१ मध्ये त्याचं कारण शोधलं, टॅक्पेप नावाच्या जनुकातला एक बदल, दोन्ही प्रती तशा आल्या तरच असा वाघ होतो. याच जनुकातल्या बदलांमुळे घरच्या मांजरांच्या अंगावर पट्ट्यांऐवजी मोठे ठिपके-वेटोळे येतात आणि किंग चीता म्हणतात त्या चित्त्याची पाठ तशी होते, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं.

पण गंमत म्हणून बघायची ही गोष्ट नाहीये. सिमिलीपालमध्ये अभ्यासात आलेल्या वाघांपैकी ३७ टक्के असे होते, आणि बाकी भारतातल्या जंगलांत जवळपास एकही नाही. कारण ती वस्ती मोजक्याच वाघांपासून वाढलीय आणि दुसरी मोठी वस्ती शेकडो किलोमीटर लांब आहे. मूळच्या त्या थोडक्या वाघांत एखाद्याकडे हा बदल होता, बाहेरून कोणी येत नाही, आपापसातच जोड्या, त्यामुळे वाढत वाढत तिथवर गेला. पट्टे म्हणजे आतल्या नात्यागोत्याचं डोळ्यांना दिसणारं चिन्ह आहे, न दिसणारी किती असतील विचार करा. २०२४ च्या शेवटी शेवटी जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ताडोबाहून नेल्या त्या यासाठी.

आणि झीनतने काय केलं, तर डिसेंबरात सरळ बाहेर पडून झारखंड, तिथून पश्चिम बंगाल, शेवटी बांकुऱ्यात बेशुद्ध करून परत आणावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की गाडीतून वाघ नेणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला उपाय म्हणजे त्याला स्वतःच्या पायांनी चालत जाता येईल असं जंगल राखणं. कान्हा आणि पेंचच्या वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून दिसतंच की मधल्या कॉरिडॉरमधून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यातून, त्यांची जनुकं अजून ये-जा करतायत. हायवे ४४ पेंचमधून जातो तिथे जनावरांना खालून जायला मोकळी जागा ठेवून वर पूल बांधलेत, आणि वाघ तिथून जातात. मला वाटतं असा एक पूल दहा ट्रान्सलोकेशनच्या बरोबरीचा आहे.

खाडीकाठ

वरचं सगळं पटतं पण एक दुसरी बाजू मांडतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की विविधता कमी म्हणजे खेळ खलास. मेक्सिकोजवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात वाकिटा नावाचा छोटा पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी आहे, जेमतेम दहाच्या आसपास उरलेत. कित्येक जण म्हणायला लागले होते की आता इनब्रीडिंगनेच, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजननानेच संपणार, कशाला धडपड. २०२२ मध्ये त्यांच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा अभ्यास आला, त्यात निघालं की वाकिटाची विविधता आजची नाही, लाखो वर्षांपासून कमीच आहे, कारण त्यांची संख्या कायमच दोन-चार हजारांत राहिलीय. एवढ्या लांब काळात खराब प्रती बऱ्याचशा गाळल्या गेल्या. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणं पूर्ण थांबलं तर ते तरू शकतात असं मॉडेल म्हणतं, जाळी चालू राहिली तर नाही. म्हणजे इथे डीएनएने उलट सांगितलं की जनुकांचं निमित्त करू नका, जाळी काढा.

माझं म्हणणं एवढंच की कमी विविधता कशामुळे आणि कधीपासून, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सायली_जीनोम

खाडीकाठ, अगदी बरोबर आणि हे लिहिलंत ते फार बरं झालं. कधीपासून हे कसं कळतं ते सांगते, कारण मला त्यातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे. पूर्ण जीनोम वाचला की आईकडचा आणि बापाकडचा तुकडा जिथे हुबेहूब सारखा आहे अशा पट्ट्या दिसतात. लांबच लांब पट्टी असेल तर नातं अगदी अलीकडचं, आजोबा-पणजोबांच्या पिढीत कुठेतरी. छोटे छोटे तुकडे विखुरलेले असतील तर ती जुनी गोष्ट, कारण दर पिढीला पट्टी तुटत जाते. म्हणजे एका प्राण्याच्या रक्तावरून किंवा केसावरून त्याच्या अख्ख्या घराण्याचा इतिहास वाचता येतो. भारतातल्या वाघांवर असं काम झालंय, रणथंबोरच्या वाघांत इनब्रीडिंग जास्त सापडलं, काही घातक बदल गाळले गेलेत पण जे उरलेत ते बहुतेकांत पसरलेत.

रानपिंगळा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. आता दोन गोष्टी अजून. सिमिलीपालचे काळे वाघ म्हणजे उत्क्रांती होतेय असं म्हणायचं का? घनदाट जंगलात काळा रंग फायद्याचा असू शकतो ना. आणि माझा तो पुसलं जाण्याचा प्रश्न, तो अजून पूर्ण सुटला नाही.

सायली_जीनोम

पिढ्यांगणिक जनुकांचं प्रमाण बदलतंय म्हणजे उत्क्रांती आहेच, पण ती दोन तऱ्हांनी होते. एकात फायदा-तोटा ठरवतो, दुसऱ्यात निव्वळ योगायोग, आणि वस्ती जितकी लहान तितका योगायोगाचा जोर जास्त. त्या वाघांच्या बाबतीत योगायोग आणि आपापसातलं प्रजनन एवढंच पुरेसं कारण आहे, फायद्याचा पुरावा हवा असेल तर तो वेगळा शोधावा लागेल.

फायद्या-तोट्याची उत्क्रांती बघायची असेल तर मोझांबिकमधल्या गोरोंगोसाचे हत्ती बघा. १९७७ ते १९९२ तिथे यादवी युद्ध चाललं, हस्तिदंतासाठी इतके मारले की नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती गेले. तिथल्या हत्तिणींपैकी आधी १८ टक्क्यांच्या आसपास बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर जवळजवळ निम्म्या. सुळे नसलेली मारली जात नव्हती, म्हणून तीच उरली आणि लेकींनाही तेच मिळालं. २०२१ मध्ये त्याची जनुकं शोधली, तो बदल एक्स गुणसूत्रावर आहे, आणि ज्या नर गर्भात तो जातो तो टिकत नाही असं दिसतं. म्हणून बिनसुळ्यांच्या हत्तिणींना लेकीच जास्त. बंदुका थांबून तीस वर्षं झाली तरी त्यांच्या पिल्लांत अजून ते चालूच आहे, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि पुसलं जाण्याबद्दल, तुमची भीती खोटी नाही. युरोपातल्या टाट्रा पर्वतात आयबेक्स या डोंगरी रानबोकडांचे कळप होते, त्यांत तुर्कस्तान आणि सिनाईकडचे रानबोकड मिसळले. ते उष्ण कोरड्या भागातले. संकरित जनावरं हिवाळ्याऐवजी आधीच माजावर यायला लागली, पिल्लं ऐन फेब्रुवारीच्या थंडीत जन्मली, आणि गारठून मेली. ती वस्तीच संपली. म्हणून प्राणी कुठून आणायचा हे ठरवताना आधी बघतात की दोन वस्त्या कधीपासून वेगळ्या आहेत आणि हवामान किती वेगळं आहे. फ्लोरिडा आणि टेक्सासचे प्यूमा माणसाने मधला प्रदेश बळकावेपर्यंत एकमेकांत मिसळतच होते, मधे वाट तुटली एवढंच. आपल्याकडचे बहुतेक वाघ तसेच आहेत, शे-दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत जंगल सलग होतं.

वाटाड्या

एक भर. एकदाच आणून सोडलं की संपलं असंही नसतं. अमेरिकेत लेक सुपीरिअरमधल्या आइल रॉयल बेटावर लांडगे आहेत, १९९७ मध्ये तळं गोठून बर्फाचा पूल झाल्यावर एक नर चालत आला. तो बाहेरचा हे कळायलाच वर्षं गेली, तेही विष्ठेतल्या डीएनएवरून. काही पिढ्यांत बेटावरच्या लांडग्यांच्या निम्म्याहून जास्त जनुकं त्याचीच झाली, मग पुन्हा सगळे एकमेकांचे नातलग. २०१८ पर्यंत दोनच उरले, बाप आणि त्याची मुलगी, आणि ते सावत्र भाऊ-बहीणही होते. मग बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. हवामान तापतंय, तो बर्फाचा पूल आता क्वचितच होतो. वाट महत्त्वाची म्हणतो ते यासाठी.

रानपिंगळा

आता पिशव्या भरायला कारण मिळालं. शेवटचं, सॅम्पल घेताना नेमकं काय सांभाळायचं? आमच्यातले काही जण अख्खी विष्ठाच उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात.

सायली_जीनोम

तसं अजिबात करू देऊ नका, ओलं प्लॅस्टिकमध्ये बांधलं की बुरशी येते आणि डीएनए सडतो. मी शिकत असताना एक अख्ख्या सीझनची बॅच आमची अशीच वाया गेली, त्यातलं एकही सॅम्पल परत मिळण्यासारखं नव्हतं.

तुम्हाला हवा तो डीएनए प्राण्याच्या आतड्याच्या पेशींचा, आणि त्या विष्ठेच्या वरच्या चकचकीत थरावर चिकटलेल्या असतात. आत मधे असतो तो भक्ष्याचा, चितळाचे केस आणि हाडांचे तुकडे. म्हणून ताजी, चमक असलेली विष्ठा शोधा, उन्हात पांढरी पडलेली सोडून द्या. हातमोजे प्रत्येक सॅम्पलला नवे. वरचा थर नखाएवढा, कापसाच्या स्वॅबने किंवा स्वच्छ काडीने खरवडायचा, बाजूची माती न लागता, आणि लॅबने दिलेल्या ट्यूबमध्ये टाकायचा, झाकण लगेच बंद. जीपीएस, तारीख आणि ट्यूबचा नंबर जागेवरच वहीत, तळावर येऊन आठवून नाही. उरलेली विष्ठा तिथेच राहू द्या, वाघासाठी ती हद्दीची खूण असते.

आणि एकाच जागी दोन दिसल्या तरी दोन्ही घ्या, एकच प्राणी असेल असं गृहीत धरू नका. सॅम्पल खराब असलं की लॅबमध्ये कधी कधी दोनपैकी एक प्रत वाचलीच जात नाही आणि एकाच वाघाचे दोन वाघ होतात, म्हणून आम्ही प्रत्येक सॅम्पल परत परत चालवतो. तुमच्याकडून स्वच्छ आलं तर ते काम निम्म्यावर येतं. पहिली बॅच पाठवाल तेव्हा इथे सांगा, ट्यूब कशा भरल्यात त्याचा फोटो टाका, मी बघून सांगेन.