खेळता खेळता पक्की झालेली मतं

मंडळी, कार्ट्रिजपासून डाउनलोडपर्यंत सगळा प्रवास करून झालेले इथे बरेच असतील. "कुठला गेम सगळ्यात भारी" यावर हाणामाऱ्या भरपूर झाल्या आहेत, तो विषय नको. खेळता खेळता एखादं मत पक्कं झालं असेल किंवा उलटं फिरलं असेल, तर ते लिहा. शक्यतो गेमच्या नावासकट.

सुरुवात मी करतो. गेमने हरवावं, फसवू नये. मेल्यावर "माझंच चुकलं" असं वाटलं पाहिजे, "हे काय भलतंच" असं नाही. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली पातळी आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळतं. लगेच पहिला शत्रू चालत येतो. उडी नाही मारलीत तर मराल, पण नुकसान जेमतेम काही सेकंदांचं. पुढे मशरूम बाहेर पडतो, पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतो. नुकताच धडा मिळालेला असल्याने तुम्ही घाबरून उडी मारता, तर डोक्यावरच्या विटांना थडकून बरोबर त्याच्यावरच पडता आणि मोठे होता! एका अक्षराची सूचना नाही. आता पहिला अर्धा तास चौकटी उघडून "उडी मारण्यासाठी हे बटण दाबा" वाचत बसायचं.

एक लबाडी मात्र मला मान्य आहे. २०१८ च्या सेलेस्ट या डोंगर चढायच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत उडी चालते. याला कायोटी टाइम म्हणतात. डोळा आणि अंगठा यांच्यात जी गडबड होते ती गेम गुपचूप पोटात घालतो आणि श्रेय आपल्याला देतो.

—

छान धागा. माझं मत शत्रूंबद्दल आहे. शत्रू हुशार नसला तरी चालेल, त्याचा स्वभाव ओळखता आला पाहिजे. १९८० च्या पॅकमॅनमधली भुतं घ्या. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुम्ही जिकडे तोंड करून आहात त्याच्या चार घरं पुढचा नेम धरतं, म्हणून ते आडवं आल्यासारखं वाटतं. नारंगी भूत लांबून पाठलाग करतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. इतके साधे नियम, पण चौघं मिळून घेरतात तेव्हा कट शिजलाय असं वाटतं. हल्लीच्या कित्येक मोठ्या गेममध्ये "हार्ड" निवडलं की शत्रू तसाच ठोंब्या राहतो, फक्त मरायला तिप्पट गोळ्या लागतात. ही कठीण पातळी नव्हे, आळस.

—

फायटिंग गेमवाला हजर. आमच्याकडचा सनातन वाद: एकच एक लाथ मारत राहणं चीटिंग आहे का? नाही! स्ट्रीट फायटर २ मध्ये भाऊ खाली बसून तीच लाथ मारायचा आणि मी रिमोट आपटायचो. मग खाली बसून ब्लॉक करायला शिकलो आणि भावाचं राज्य एका दुपारी संपलं. ज्या डावाला उतारा आहे तो डाव कायदेशीर. आणि ज्या कॉम्बोंवर हा सगळा खेळप्रकार उभा आहे, ते कॉम्बो तरी कुठे ठरवून आले होते? एका फटक्याला जोडून दुसरा बसतो, हे बनवणाऱ्यांना गेम तयार करताना योगायोगाने दिसलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. १९९१ पासून आपण त्या योगायोगावर जगतोय.

—

मी ऑनलाइन टीम शूटर खेळते. माइक बंद ठेवून. कारण बायकांना सांगायला नको. आवाज ऐकला की एक तर मागणी येते, नाही तर शिवी, आणि राउंड हरलो की खापर ठरलेलं.

माझं मत एपेक्स लेजंड्समुळे (२०१९) बदललं. तोवर "माइकशिवाय टीमवर्क होत नाही" हे मी पण खरं मानायचे. त्यात पिंग आहे: एकदा बटण दाबलं की जागा दाखवता येते, दोनदा दाबलं की "इथे शत्रू". पडलेली बंदूक दाखवता येते, दुसऱ्याने दाखवलेल्या वस्तूवर "ही माझी" म्हणता येतं. अनोळखी दोघांबरोबर एक शब्द न बोलता अख्खी मॅच जिंकले. नंतर इतर गेमनीही ते उचललं. "टॉक्सिक लोक सगळीकडे असतात, दुर्लक्ष करा" हा सल्ला देणाऱ्यांपेक्षा पिंग बनवणाऱ्याने माझं जास्त भलं केलंय.

—

संधिवात आहे, अंगठे दुखतात. "दार उघडण्यासाठी बटण भराभर दाबा" आलं की माझा खेळ तिथेच संपायचा. आता बऱ्याच गेममध्ये "दाबून धरा" हा पर्याय असतो. द लास्ट ऑफ अस पार्ट २ (२०२०) मध्ये असे साठाहून जास्त पर्याय आहेत, अगदी दृष्टिहीन खेळाडूंनाही तो पूर्ण करता येतो. धागाकर्त्यांच्या लाडक्या सेलेस्टमध्येही असिस्ट मोड आहे, गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. मी सत्तर टक्क्यांवर शिखर गाठलं. "मग खरा नाही खेळलात" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचे अंगठे अजून धड आहेत.

—

लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते न कळता घ्यायच्या पेट्या. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात मोजले, बरोबर केलं. पण मला त्याहून बॅटल पास खुपतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत (सीझनमध्ये) नेमून दिलेली कामं करून बक्षिसं मिळवायची यादी. लूट बॉक्स पैसे घेतो, हा संध्याकाळ घेतो. "आज तीन जणांना शॉटगनने मारा." मला शॉटगन आवडत नाही, तरी मारतोय, कारण सीझन रविवारी संपतोय. जेव्हा लक्षात आलं की मॅच जिंकल्यापेक्षा यादीवर टिक झाल्याचा आनंद जास्त होतोय, तेव्हा अनइन्स्टॉल केला.

—

जुन्या गेमबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद झाले. तो एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं, त्यामुळे विकत घेतलेला गेम एकटे बसूनही खेळता येईना. याउलट डूम या जुन्या शूटिंग गेमचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) १९९७ मध्येच खुला केला गेला, म्हणून तो आज वाटेल त्या यंत्रावर चालतो. मरणाऱ्या गेमला निदान ऑफलाइन मोड देऊन जावं, एवढीच मागणी.

—

माझं मत: गेम संपला असं कधीच म्हणू नये. निन्टेन्डोच्या जुन्या टेट्रिसमध्ये २९ व्या पातळीला शेवट समजत, कारण बटण दाबून धरलं तरी ठोकळा कडेला पोचायच्या आत खाली टेकायचा. मग लोक अंगठा थरथरवून भराभर दाबायला लागले. त्यानंतर रोलिंग आलं: एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी वाजवायची. बटण अंगठ्यावर येऊन आपटतं! डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या मुलाने १५७ वी पातळी गाठली आणि गेमच गोठला. माणसाकडून पहिल्यांदाच. मी शिकायचा प्रयत्न करतोय, सध्या शेजारच्या खोलीतून "काय टकटक चाललीय" एवढंच बक्षीस आहे.

—

लाथवाल्या भावाच्या भावाला: नुसतं ब्लॉक काय करता? त्याने लाथ मारायच्या आधीच उडी घ्या, खाली येताना जोरदार किक आणि उतरल्या उतरल्या थ्रो. त्याला रिमोट आपटू दे.