मदत हवी आहे: विंडोज ११ मध्ये टास्कबार वरच्या बाजूला कसा न्यायचा? (तातडीचं)

केतकी वा. | ३१ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१२

कोणीतरी पटकन सांगा. टास्कबार, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमची पट्टी, खालून वर न्यायचा आहे. आधी धरून ओढला की जायचा, आता जागचा हलत नाही. राइट क्लिक केलं तर 'टास्कबार सेटिंग्ज' येतं आणि आत तो पर्यायच नाही. फायलींची नावंही दिसेनाशी झाली आहेत, फक्त चित्रं, आणि ती सगळी मधोमध. आठ दिवस रोज फोनवर हेच चाललंय. मी तिथे नाही, फोनवरूनच सांगायचं आहे, म्हणून एक-दोन पायऱ्यांत होईल असं काहीतरी सांगा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालं आहे.

निळा पेन | ९:२०

आधी कुठलं विंडोज होतं? लॅपटॉप की डेस्कटॉप? 'तिथे' म्हणजे कोणाकडे? विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून winver दिलं की आवृत्तीचा काय आकडा येतो ते विचारून सांगा. म्हणजे 'विनव्हर' टाइप करायचं, रोमनमध्ये.

केतकी वा. | ९:२४

आधी १०. डेस्कटॉप. आकडा विचारते.

तळेगावकर | ९:३१

सोपं आहे ताई. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, तिथे तळाशी 'टास्कबार बिहेविअर्स' उघडा. अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. स्टार्ट पुन्हा डाव्या कोपऱ्यात येईल. मी पहिल्या दिवशी हेच केलं, तेव्हापासून काही त्रास नाही.

केतकी वा. | ९:३३

डावीकडे नको हो. वर. स्क्रीनच्या वरच्या कडेला.

सह्यकडा | ९:४०

होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, 'स्टकरेक्ट्स ३' नावाची नोंद आहे. तिच्यातला एक आकडा ०३ असतो, तो ०१ करायचा आणि एक्सप्लोरर पुन्हा चालू करायचा. टास्कबार वर जातो. मी स्वतः केलं आहे.

निळा पेन | ९:४७

सह्यकडा, ती युक्ती ११ च्या पहिल्या आवृत्तीत चालायची. २२एच२ पासून (२०२२ च्या उत्तरार्धातली आवृत्ती) चालत नाही. आत्ता कोणी अपग्रेड केलं असेल तर आवृत्ती त्याच्या नंतरचीच असणार. फोनवरून कोणाला रजिस्ट्रीत शिरायला सांगू नका, एखादा आकडा चुकला तर भलतंच निस्तरावं लागेल.

सह्यकडा | ९:५२

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या ऑफिसातल्या चार मशीनवर केलं होतं. चालत नाही असं सरसकट म्हणू नका.

निळा पेन | ९:५५

जानेवारी २०२२ म्हणजे पहिलीच आवृत्ती. तेव्हा चालत होतं, आता नाही. तुमचं तेव्हाचं बरोबरच आहे.

ऋतुगंध | १०:०८

मी रोज दोन मोठ्या स्क्रीनवर डिझाइनचं काम करते आणि मला ११ मनापासून आवडतं. रुंद स्क्रीनवर स्टार्ट मधोमध असणं हाताला जवळ पडतं. खिडकी मोठी करायच्या बटणावर माउस नेला की मांडणीचे चौकोन येतात, दोन खिडक्या शेजारी लावायला तेवढं पुरतं. १० वर परत बसले की डोळ्यांना दाटी वाटते. टास्कबार वर ठेवणारे लोक मुळातच थोडे. २०२२ मध्ये विंडोजच्या टीमनेही प्रश्नोत्तरांत तेच सांगितलं होतं, की मागणी करणारे कमी आणि वर-बाजूला नेलं तर सगळ्या ॲप्सची मांडणी पुन्हा जुळवायला खूप काम. केतकी, खाली ठेवून पंधरा दिवस वापरून तर बघायला सांगा. सवय होते.

केतकी वा. | १०:२६

सवयीचा प्रश्न नाही. लिहायला हवं होतं आधीच, रोज तेच तेच बोलून मला वाटतं सगळ्यांना माहीतच आहे.

मशीन माझ्या बाबांचं, वाईला. ते ७४ वर्षांचे आहेत, काचबिंदू आहे, आणि दोन्ही डोळ्यांचा दृष्टीचा खालचा भाग गेलेला आहे. समोर बघताना खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. मुद्दाम नजर खाली नेली की दिसतं, पण मग वाचत होते ती ओळ हरवते. म्हणून मी विंडोज ७ असल्यापासून टास्कबार वर ठेवून दिला होता. १० मध्येही वरच होता.

ते घरातली जुनी मोडी कागदपत्रं देवनागरीत उतरवतात. एका खिडकीत कागदाचा फोटो, दुसऱ्यात वर्ड. एका वेळी आठ-दहा फायली उघड्या, नावं 'पेटी २ – कागद १४' अशी. वरच्या पट्टीवर पूर्ण नाव दिसायचं, त्यावरून ते फाइल बदलायचे. आता खाली वर्डची एकच खूण आहे आणि तिच्यावर माउस ठेवला की छोटी छोटी चित्रं येतात, तीही खालीच. आठ दिवसांत एक कागद उतरवून झालेला नाही. काल म्हणाले, राहू दे आता, डोळेच गेले म्हणायचे. म्हणून मी घाईत लिहिलं.

ऋतुगंध | १०:३४

केतकी, माफ करा. हे माझ्या डोक्यातही आलं नाही. 'थोडे लोक' म्हणताना त्यात असे कोणी असतील असा विचार केला नव्हता.

वसंत कुलकर्णी_नाशिक | १०:४१

वडिलांचं ऑपरेशन करून घ्या. माझ्या सासऱ्यांचं झालं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते. हल्ली वीस मिनिटांचं काम आहे.

डॉ. नाही पण ऑप्टोमेट्रिस्ट | १०:४९

वसंतराव, तुमच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू असणार. काचबिंदू वेगळा. त्यात डोळ्याच्या नसेला इजा होते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब किंवा ऑपरेशन, दोन्ही असतात ती राहिलेली दृष्टी टिकवण्यासाठी. केतकीताई, बाबांचे थेंब चालू असतील असं गृहीत धरते, ते मात्र एकही दिवस चुकवू देऊ नका.

दुसरं, मॉनिटर उंच करून बघा. खालची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आली की बराचसा भाग दिसणाऱ्या बाजूला येतो. खाली दोन जाड पुस्तकं ठेवली तरी चालेल.

तळेगावकर | १०:५५

७४ व्या वर्षी तास तास मान वर करून बसायचं? माझी मान मॉनिटर उंच ठेवूनच धरली होती. हे सांगू नका.

डॉ. नाही पण ऑप्टोमेट्रिस्ट | ११:०२

म्हणून 'करून बघा' म्हटलं. थोडं मागे रेलून बसता येईल अशी खुर्ची असेल तर मान वर करावी लागत नाही. नसेल तर नको.

खडूफळा | ११:१०

मराठी टायपिंगचा त्रास होत असेल तर: सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मराठी, तिथे कीबोर्ड जोडा. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी नको असेल तर 'मराठी फोनेटिक' घ्या, २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते.

केतकी वा. | ११:१३

धन्यवाद, पण टायपिंगला अडचण नाही. बाबा इनस्क्रिप्टवर न बघता टाइप करतात. आकडा कळला, २५एच२.

निळा पेन | ११:१९

मग नावांचं काम लगेच होईल. त्याच 'टास्कबार बिहेविअर्स'मध्ये 'कम्बाइन टास्कबार बटन्स' आहे, ते 'नेव्हर' करा. ११ आलं तेव्हा हा पर्याय काढला होता, लोकांनी दोन वर्षं मागितल्यावर २०२३ मध्ये परत दिला. नावं दिसतील, पण पट्टी खालीच राहील.

आता महत्त्वाचं. अपग्रेड नक्की कोणत्या तारखेला केलं?

जुना पंटर | ११:२५

या बदलांवर वाद घालून काही होत नाही, हे आम्ही आधीही बघितलं आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि १९९५ पासून होतं ते स्टार्टचं बटणच गायब. माझा तेव्हा लातूरला सायबर कॅफे होता, दोन मशीनवर ८ घातलं. पोरं यायची आणि संगणक बंद कसा करायचा विचारायची. उजव्या कोपऱ्यात माउस नेऊन लपलेली पट्टी बाहेर काढायची हे कोण सांगणार? मी शेवटी प्रत्येक मॉनिटरवर कागद चिकटवला. वर्षभराने ८.१ आलं तेव्हा बटण परत आलं. माणसाचा हात जिथे जातो तिथली वस्तू उचलून नेली की त्याला स्वतःच्याच घरात वाट विचारावी लागते. आमच्या दोन गिऱ्हाइकांनी तेव्हापासून संगणक सोडला तो सोडलाच, याचं मला अजून वाईट वाटतं.

पेंग्विनप्रेमी | ११:३३

विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. त्यातल्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये पट्टी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, हवी तिथे. आणि सिनॅमन जन्माला आलं तेच अशा भांडणातून! २०११ मध्ये लिनक्सच्याच ग्नोम ३ या डेस्कटॉपने सगळी मांडणी बदलली, लोक चिडले, काहींनी जुनं ग्नोम २ पुढे चालवायला माटे काढलं, मिंटवाल्यांनी सिनॅमन. तिथे कोणाला न आवडलं तर तो वेगळी चूल मांडू शकतो. विंडोजवाल्यांना ती सोय नाही.

तळेगावकर | ११:३८

आठ दिवसांत खालच्या पट्टीने हैराण झालेल्या माणसाला नवी सिस्टिमच शिकायला लावता? त्यांच्या वर्डच्या फायलींचं काय?

पेंग्विनप्रेमी | ११:४४

लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात. माझी आई ६८ व्या वर्षी शिकली. पट्टी वर लावून दिली की त्यांना पहिल्यासारखंच दिसेल, ११ पेक्षा जास्त ओळखीचं वाटेल. मी मनापासून सांगतोय.

सह्यकडा | ११:५०

अवांतर: नवा आयफोनचा अपडेट कोणी घेतला का? सगळं काचेसारखं झालंय, वडिलांना सूचना वाचताच येत नाहीत.

ऋतुगंध | ११:५३

ॲक्सेसिबिलिटीमध्ये डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, तिथे 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' चालू करा. बराच फरक पडतो. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू.

शब्दवेल्हाळ | १२:०१

केतकी, मशीन हळू चालत असेल तर स्टोरेजमधल्या 'टेम्पररी फाइल्स'मध्ये जाऊन सगळ्यावर खूण करून पुसून टाका. अपग्रेडनंतर तिथे वीस-वीस जीबी कचरा असतो. मी लगेच करतो.

निळा पेन | १२:०३

केतकी, हे अजिबात करू नका! त्या यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' असतं. ते पुसलं की परतीची वाट बंद. तारीख सांगा, लवकर.

शब्दवेल्हाळ | १२:०६

माझ्या लक्षात आलं नाही. केतकी, थांबा, करू नका.

केतकी वा. | १२:२०

काही पुसलेलं नाही. दादाने भाऊबीजेच्या दिवशी केलं. १० ची मुदत संपली असा मोठा निळा संदेश येत होता, बाबा घाबरले होते, त्याने चांगल्या हेतूनेच केलं. परत जाता येतं??

निळा पेन | १२:३१

भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. अपग्रेडनंतर १० दिवसांत परत जाता येतं, म्हणजे २ नोव्हेंबर धरा. कडेला जाऊ नका, आज-उद्याच करा.

आधी मोडी कागदांचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर. परत जाताना स्वतःच्या फायली राहतात, ११ वर नव्याने टाकलेले प्रोग्रॅम जातात, तरी नक्कल हवीच. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. कारण विचारेल, काहीही निवडा. अपडेट तपासू का म्हणेल, नको म्हणा. जुना पासवर्ड लक्षात आहे ना तेवढं विचारून घ्या.

जमणार नसेल तर मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण १० दिवस संपायच्या आत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एक आदेश द्यावा लागतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तळेगावकर | १२:४०

आणि सुरक्षेचं काय? १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. बँकेचं काम त्याच मशीनवर होत असेल तर परत पाठवणं मला पटत नाही. पैसे देऊन एखादा टास्कबार बदलणारा प्रोग्रॅम घ्या, 'स्टार्टऑलबॅक' वगैरे. पट्टी वर जाते, ११ पण राहतं.

निळा पेन | १२:४८

तुमची काळजी रास्त आहे. पण घरगुती वापरासाठी १० ला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, नाव नोंदवलं तर. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. 'अपडेट अँड सिक्युरिटी'मधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाउ' दिसतं.

बाहेरचे प्रोग्रॅम चांगले आहेत, मीही वापरतो. पण विंडोजचा मोठा अपडेट आला की कधीतरी अडतात, आणि दुरुस्त करायला वाईत कोणी नाही. वर्षभराने ११ वर यावं लागेलच, तेव्हा केतकी स्वतः तिथे बसून ते लावून देऊ शकतील.

डॉ. नाही पण ऑप्टोमेट्रिस्ट | १:०५

तोपर्यंत एक: विंडोज आणि अधिकचं बटण दाबलं की भिंग उघडतं. त्यात 'डॉक्ड' निवडलं की मोठं केलेलं अक्षर स्क्रीनच्या वरच्या पट्ट्यात दिसतं आणि खाली काम चालू राहतं. बाबांच्या दृष्टीला तीच जागा सोयीची. दोन्ही विंडोजमध्ये आहे.

केतकी वा. | १ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५०

झालं. सकाळच्या गाडीने वाईला आले, फोनवर धीर झाला नाही. 'गो बॅक' बटण होतं. पाऊण तास लागला, बाबा पूर्ण वेळ शेजारी खुर्चीवर बसून होते. १० उघडलं तेव्हा पट्टी वरच होती, नावांसकट, मला ओढावीही लागली नाही. चहा होईपर्यंत त्यांनी 'पेटी २ – कागद १४' उघडला होता. भिंग वरच्या पट्ट्यात लावून दिलं, मोडीतली जोडाक्षरं त्यात बघतायत. दादाला या धाग्याचा दुवा पाठवला आहे.

फक्त 'एनरोल' दाबलं की मायक्रोसॉफ्टचं खातं मागतंय. बाबा नुसत्या पासवर्डने आत जातात.

निळा पेन | रात्री ९:०४

म्हणजे लोकल खातं, फक्त त्या मशीनपुरतं. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जावं लागेल, आणि ते खातं त्या मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर हवं. बाबांचा ईमेल आहे का? असेल तर त्यावरच खातं काढा, तुमच्या नको, नाहीतर पासवर्ड विसरला की पुन्हा तुम्हाला फोन.

केतकी वा. | रात्री ९:१०

ईमेल आहे. पासवर्ड वहीत लिहिलाय म्हणतात, वही शोधतोय.