सर्व्हेसाठी सल्ला हवाय (कोपरखैरणे, बजेट 5000)

नेरूळची_पोर: एमएच्या प्रबंधासाठी कोपरखैरणे-घणसोलीतल्या घरकाम करणाऱ्या 120 बायकांचा सर्व्हे करायचाय. पगार, सुट्ट्या, आजारपण. हातात पाच हजार आणि दीड महिना. मॅडम म्हणतात आधी प्रश्नावली 'टेस्ट' कर. म्हणजे नक्की काय करू? कागद की मोबाईल?

गॅजेटगुरू_ठाणे: टॅब घे. मी सोळा हजाराला घेतला, अजून मक्खन चालतोय.

घोडबंदरवासी: गूगल फॉर्म. फुकट. आमच्या सोसायटीचा पार्किंग सर्व्हे मी एका रात्रीत उरकला, 212 फ्लॅट.

तीन_हात_नाका: उत्तरं किती आली तेही सांगा की. 19. त्यातली 4 एकाच गृहस्थाची.

घोडबंदरवासी: विषय तो नाहीये.

आकडेमोड: 120 नी काय होतंय? 95 टक्के खात्री, 5 टक्के इकडेतिकडे धरलं तर 384 लागतात.

वाशीकर_काका: नुसत्या आकड्याला काय चाटायचंय? 1936 साली अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाकडे वीस लाखांवर मतं आली होती. म्हणाले लँडन येणार. आले रूझवेल्ट. फोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांवरून मतपत्रिका पाठवल्या होत्या!

सेक्रेटरी_बी_विंग: गेटच्या अ‍ॅपमध्ये सगळ्या बायकांचे नंबर आहेत. यादी काढून देतो.

फील्डवाली: देऊ नका, आणि पोरी तू घेऊ नकोस. ते नंबर त्यांनी गेटातून आत यायला दिलेत, तुझ्या प्रबंधाला नाही.

सात वर्षं फॉर्म भरलेत, म्हणून सांगते. मालकिणीच्या घरात विचारू नकोस. मी विचारलं होतं. मालकीण ओट्याशी चहा गाळत उभी, आणि प्रत्येकीचं 'सगळं चांगलंय'. अख्खा गठ्ठा रद्दीत.

टेस्ट म्हणजे दहाजणींना प्रश्न वाचून दाखव आणि 'यातून काय समजलं?' विचार. मी 'महिन्याला सुट्ट्या किती?' विचारायचे, उत्तर 'एकपण नाय'. शेवटी एकजण म्हणाली, "ताई, सुट्टी म्हणजे पगार कापत नाहीत ती. आम्ही खाडा करतो." मग प्रश्न केला: गेल्या महिन्यात खाडे किती, पैसे किती कापले? 'पगार वेळेवर आणि पुरेसा मिळतो का' हे दोन प्रश्न आहेत, तोड. फॉर्मवर नाव नको, नुसता क्रमांक. मध्येच उठून गेलीस तरी चालेल, हे आधी सांगायचं. आणि या दहाजणी 120 मध्ये धरू नकोस.

शुद्धलेखन_शिपाई: 'सर्व्हे' नव्हे, सर्वेक्षण. आणि महाराष्ट्राच्या 2008 च्या कायद्यात 'घरेलू कामगार' आहे.

तीन_हात_नाका: घरेलू हिंदी आहे, शिपाईसाहेब.

ऐरोलीची_वहिनी: प्रत्येकीला एक साडी द्या, मनापासून बोलतात.

आकडेमोड: पाच हजारात 120 साड्या? आणि साडीसाठी गोडगोड बोलतील ते वेगळंच.

गॅजेटगुरू_ठाणे: टॅबला कव्हर घे हं, पावसाळा आहे.

नेरूळची_पोर: सगळ्यांना थँक्यू. काल दुपारी दीडला, त्या कामावरून सुटतात तेव्हा, नाक्यावरच्या कट्ट्यावर पाचजणींना विचारून पाहिलं. खाड्याचं अगदी खरं निघालं. टॅब नाही, यादी नाही, साडी नाही. कागद. आणि 120 नको, 60 च करते, पण प्रत्येकीशी अर्धा तास. मॅडमना पटवलंय.

आकडेमोड: 60???